वाईट बातमी सांगणारी बाई

तुमचं बाळ साडेचार महिन्यांचं आहे आणि सव्वीस आठवड्यांच्या रजेतले सहा आठवडे उरलेत. मार्चच्या शेवटी तुम्ही सीताबर्डीच्या बँकेत पुन्हा रुजू होणार, यजमान मिहानमधल्या कंपनीत, घर मनीषनगरला. सासूबाई वर्षातले सहा महिने यवतमाळहून येऊन राहतात, पण गुडघ्यांमुळे बाळाला उचलून घेणं त्यांना जमत नाही. म्हणून बाळ सांभाळायला बाई ठेवायची आहे, आणि तुम्ही मागितलीय तिला मुलाखतीत विचारायच्या प्रश्नांची यादी. शिवाय तीन शंका आहेत: पगार किती द्यावा, कॅमेरा लावावा का, आणि हिंदी बोलणारी बाई चालेल का.

मी नागपुरात एकवीस वर्षं पाळणाघर चालवलं. चार वर्षांपूर्वी ते बंद केलं. आता मुलं सांभाळणाऱ्या बायकांना शिकवते आणि त्यांना घरं शोधून देते. म्हणजे अशा मुलाखतींत मी सोफ्यावरही बसले आहे, आणि दाराशी चप्पल काढून अवघडून उभ्या असलेल्या बाईच्या बाजूलाही.

यादीचं असं आहे. ‘अनुभव किती?’, ‘मुलांची आवड आहे ना?’, ‘मोबाइल बघत नाही बसणार ना?’ या प्रश्नांना नागपुरातली प्रत्येक बाई एकच उत्तर देते, कारण दुसरं दिलं तर काम जातं हे तिला पक्कं ठाऊक असतं. असे वीस प्रश्न विचारून तुम्हाला एवढंच कळेल की तिला उत्तरं पाठ आहेत. तुमच्या मनातली धाकधूक वेगळीच आहे. ‘मी दहा तास घराबाहेर असताना बाळाचं काही कमीजास्त झालं, तर ते मला कळेल का?’ ही ती. मग शोधायची ती अशी बाई, जी वाईट बातमी स्वतःहून सांगेल. आणि तुमचं घर असं हवं, जिथे ती सांगायला तिला भीती वाटणार नाही.

हे मला पाळणाघराच्या सहाव्या वर्षी कळलं, आणि चूक माझी होती. पावणेदोन वर्षांच्या एका मुलानं रुपयाचं नाणं गिळलं. मदतनीस बाईनं पाहिलं, पाठीवर थापट्या दिल्या, मूल खोकायचं थांबलं, आणि ती गप्प बसली. संध्याकाळी मूल जेवेना, लाळ गळत होती, म्हणून आई घाबरली. एक्स-रे काढला तेव्हा नाणं पोटात उतरलेलं दिसलं. तिसऱ्या दिवशी ते बाहेर पडलं, निभावलं. पण नाण्याच्या जागी घड्याळातला बटन सेल असता तर? तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून जाळतो. मी त्या बाईला विचारलं, सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, ‘ताई, मागच्या महिन्यात बाटली फुटली तर तुम्ही पैसे कापले. हे सांगतो तर कामावरूनच काढलं असतं.’ काचेची दुधाची बाटली होती. किंमत मला आज आठवतही नाही.

तेव्हापासून माझा एक नियम आहे, आणि बाई पाठवताना मी तो घरच्यांना आधी सांगते: तिनं स्वतःहून सांगितलेल्या चुकीचे पैसे कापायचे नाहीत. लपवलेली चूक उघडकीला आली तर मात्र माफी नाही.

आता निवडीकडे. त्याआधी तुम्ही दोघांनी, सासूबाईंना बसवून, एक गोष्ट ठरवा: ही बाई बाळासाठी आहे की घरासाठी? ‘बाळ झोपलं की भांडी आवरून घेईल’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. तिथूनच बिनसतं. बाळाचे कपडे, बाटल्या, पुढे सहा महिन्यांनंतर त्याची खिचडी आणि पेज, त्याची खोली आवरणं, एवढं तिचं काम. पाहुण्यांचा चहा आणि हॉलचा पोछा नाही. दोन्ही हवं असेल तर तसं आधी सांगा, पैसे वाढवा, आणि रांगायला लागलेल्या मुलावर नजर ठेवणं नि कुकर लावणं एकाच वेळी होत नाही हे धरून चाला.

बरंच काही परिस्थितीवर असतं, तेही सांगून टाकते. सासूबाई घरी असतील ते सहा महिने आणि नसतील ते सहा महिने या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत. घरात एक मोठं माणूस असेल तर मी कमी अनुभवाची, पण शांत स्वभावाची बाईही सुचवते. दिवसभर घरात दुसरं कोणीच नसेल आणि बाळ वर्षाच्या आतलं असेल, तर किमान दोन घरांतली तान्ही मुलं सांभाळलेली बाईच हवी. तशी नाहीच मिळाली तर पाळणाघर बरं, कारण तिथे चार डोळे जास्त असतात. यजमानांच्या कंपनीतही विचारा. पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी, असं २०१७ पासून कायद्यात आहे. बरेच बाबा हे विचारतच नाहीत, कारण ते आईनं विचारायचं अशी समजूत.

बाई शोधायला सोसायटीतल्या इतर बायका, तुमच्या बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यातली सिस्टर आणि तुमच्याकडे आधीपासून येणारी पोळ्यांची बाई, हे तीन रस्ते मला एजंटपेक्षा बरे वाटतात. एजंटमार्फत घ्यायची तर पैसे देण्याआधी ‘बाई सोडून गेली तर किती दिवसांत दुसरी?’ हे लिहून घ्या. आणि एक गोष्ट ठामपणे सांगते. बालाघाट, छिंदवाडा, छत्तीसगडकडून ‘बाळाशी खेळायला’ म्हणून चौदा-पंधरा वर्षांच्या पोरी चोवीस तासांसाठी आणून देणारे लोक आपल्या शहरात आहेत. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. माझी रेघ अठराची आहे. जिचं स्वतःचं वय शाळेचं, तिच्या भरवशावर तान्हं बाळ ठेवायचं नाही. अशी मुलगी कोणाकडे दिसली तर १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर कळवा.

आधी फोनवर दहा मिनिटं बोला. कुठे राहता, कसं येणार, घरी लहान मुलं आहेत का आणि तुम्ही कामावर असताना ती कोणाजवळ असतात, आधीचं घर का सुटलं. अंतराचा प्रश्न किरकोळ समजू नका. तुम्हाला बाई साडेआठला दारात हवी. हुडकेश्वरहून दोन ‘आपली बस’ बदलत येणारी बाई पहिला महिना वेळेवर येईल, पावसाळ्यात नाही. जयताळ्याची असो की अजनीची, मेट्रोनं उज्ज्वल नगरला उतरून चालत येईल का, तिच्या घरून स्टेशन किती लांब, तिकिटाला रोज किती लागतात, हे तिच्याबरोबर बसून मोजा. जाण्यायेण्याचे पैसे वेगळे द्या.

भेटायला बोलवाल ते कामाच्याच वेळी, बाळ जागं असताना. नवरा, सासू, आई आणि कडेला बहीण असं पंचमंडळ बसवू नका, तुम्ही एकट्या बसा. पाणी द्या, चहा द्या. स्वतः खाली बसणार असाल तर ती खाली बसेल, नाहीतर दोघींनी खुर्चीवर. आपल्याकडे अजूनही आडनाव विचारून बाई ठरवणारी आणि तिचा कप वेगळा ठेवणारी घरं आहेत. पाळणाघरापासून आजतागायत मला ती गोष्ट समजलेली नाही. जिच्या हातचं दूध बाळ पिणार, तिच्या हातचा कप तुम्हाला चालत नाही? अशा घरी मी बाई पाठवत नाही.

ती आली की बाळाकडे कशी जाते ते बघा. आल्याआल्या ‘ये माझ्याकडे’ म्हणून उचलून घेणारी लोकांना प्रेमळ वाटते. मला ती जास्त आवडते, जी आधी विचारते ‘हात कुठे धुऊ?’ आणि मग थोडं लांबून बाळाशी बोलते, त्याला बघू देते. तुमचं बाळ अजून कोणाकडेही जाईल. सात-आठ महिन्यांचं झालं की अनोळखी चेहऱ्याला बिथरतं, तेव्हा हा धीर उपयोगी पडतो.

आता प्रश्न. मी चारच विचारते आणि प्रत्येकावर बराच वेळ घालवते.

पहिला: ‘मागच्या घरी सकाळी गेल्यापासून संध्याकाळपर्यंत काय काय करायच्या, ते सांगा.’ खरोखर सांभाळलेलं असेल तर बारकावे येतात. ते लेकरू कशावर झोपायचं, काय थुंकायचं, दुपारी किती वाजता कुरकुरायचं. ‘सगळंच करायची’ एवढंच उत्तर आलं, तर बहुधा घरकाम केलंय, बाळ आजीनं सांभाळलंय.

दुसरा: ‘बाळ अर्धा तास रडतंय. दूध दिलं, लंगोट बदलली, तरी थांबत नाही. काय करता?’ इथे घाई करू नका. ‘पोटात गॅस असंल, खांद्यावर घेऊन फिरवतो, तुम्हाले फोन लावतो’ हे चांगलं उत्तर. ‘माझंच डोकं फिरायला लागलं तर पाळण्यात ठेवून दोन मिनिटं बाजूला होतो’ हे त्याहून चांगलं, आणि ते ऐकून कचरू नका. रागावून बाळाला गदागदा हलवणारे हात बहुधा हे कबूल न करणाऱ्या बाईचेच असतात. बाळाची मान कच्ची असते, तशा हलवण्यानं मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. ‘माझ्याजवळ एक गुटी आहे, दिली की तीन तास झोपते’ हे उत्तर आलं तर चहा संपवून निरोप द्या. झोपेसाठी अफू घातलेली गुटी चाटवायची पद्धत जुनी आहे, आणि त्याच कामाला हल्ली खोकल्याचं औषधही वापरतात.

तिसरा माहितीचा आहे, पण तिची परीक्षा घेतोय असं वाटू देऊ नका: ‘ताप आला तर?’, ‘जुलाब झाले तर?’, ‘घशात काही अडकलं तर?’ सगळं बरोबर यायलाच हवं असं नाही, ते शिकवता येतं. पाठीवर झोपवायचं, वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, शेंगदाणे-फुटाणे हातात द्यायचे नाहीत, ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण ओतायचं, चिमूटचिमूट नाही: हे मी अर्ध्या दिवसात शिकवते. मी बघते ते हे की माहीत नसलेल्या गोष्टीला ती ‘नाही माहीत’ म्हणते का.

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: ‘मूल सांभाळताना तुमच्या हातून काय चूक झाली होती? मग काय केलंत?’

एकदा धरमपेठेतल्या एका घरासाठी दोघींना भेटले. पहिली म्हणाली, ‘पंधरा वर्षांत एक लेकरू पडलं नाही माझ्याकडून, देवाशप्पथ.’ दुसरी जरा गप्प राहिली. मग म्हणाली, ‘पडलं होतं एक. सात महिन्याचं. पलंगावर ठेवून टॉवेल घ्यायला वळलो नं, तेवढ्यात. टेंगूळ आलं. मी लगेच मॅडमले फोन केला. लई बोलल्या. पण दवाखान्यात आम्ही दोघी गेलो. तवापासून मी पलंगावर ठेवतच नाही, खाली सतरंजीवर ठेवतो.’ घरच्यांना पहिली हवी होती. मी म्हटलं, पंधरा वर्षांत एकदाही न पडलेली मुलं मी एकवीस वर्षांत पाहिली नाहीत. दुसरी त्या घरात चार वर्षं राहिली.

जिनं आधीच्या घरात सांगून शिव्या खाल्ल्यात, ती तुमच्याकडे सांगेलच असं नाही. पण हा प्रश्न तुम्ही हसऱ्या चेहऱ्यानं, आधी स्वतःची एखादी चूक सांगून विचारलात (तुमच्याही हातून साडेचार महिन्यांत काहीतरी झालंच असेल), तर या घरात असं बोललेलं चालतं एवढं तिला पहिल्याच भेटीत कळतं.

आधीच्या घरी फोन कराच. नंबर बहिणीचाही असू शकतो, म्हणून तपशील विचारा: मुलाचं नाव काय, तेव्हा किती महिन्यांचं होतं, कितव्या मजल्यावर घर. मग दोन प्रश्न: ‘परत ठेवाल का?’ आणि ‘तिनं स्वतः फोन करून सांगितलेली एखादी वाईट गोष्ट आठवते का?’ दुसऱ्या प्रश्नावर लोक थांबतात, आठवतात, आणि मग खरं बोलायला लागतात.

कागदपत्रांचं फार लांबवत नाही. आधारची प्रत, फोटो, इथला आणि गावचा पत्ता, घरच्या एका माणसाचा नंबर, आणि जवळच्या पोलीस ठाण्यात नोंद. तिला सांगून करा, मागून नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर टीबीसाठी थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. तोच नियम सासूबाईंना आणि यजमानांनाही लावा. शिवाय आपल्या राज्यात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा २००८ चा कायदा आहे. तिची नोंदणी झाली नसेल तर फॉर्म भरायला मदत करा.

पगाराचा आकडा मी मुद्दाम देत नाही. मनीषनगरचा भाव महाल भागात चालत नाही, आणि तान्ह्या बाळाचा भाव शाळेत जाणाऱ्या मुलाला लागत नाही. तुमच्याच सोसायटीत आणि शेजारच्या दोन सोसायट्यांत विचारा, जो मधला आकडा येईल त्याच्या थोडं वर द्या. आठवड्याची एक सुट्टी पगारी, दिवाळीला एक पगार बोनस, दरवर्षी वाढ किती ते आजच सांगा. उचल मागितली तर द्या, पण कापणी महिन्याला किती ते तेव्हाच ठरवा. दहा तास बाळ सांभाळणाऱ्या बाईला दुपारचं जेवण घरचं, ताजं, आणि बसून खायला वीस मिनिटं. ती वीस मिनिटं बाळ कोणाकडे, हेही ठरवा.

सुट्ट्यांचं कॅलेंडर पहिल्याच दिवशी तिच्यासमोर उघडा. १४ एप्रिल, धम्मचक्र प्रवर्तन दिन, पोळा, दिवाळी, गावची जत्रा, मे महिन्यातली लग्नं. भंडारा-गोंदियाकडची बाई जुलैत रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, गावी जाणारच. मजुरी चांगली मिळते, घरचं शेत असेल तर बोलावणं येतं. हे आत्ता विचारलंत तर ती खरी तारीख सांगेल आणि तुम्ही सासूबाईंचं येणं त्या सुमारास जुळवाल. नाही विचारलंत तर एका सोमवारी सकाळी आठला फोन येईल, ‘मामा वारले.’ माझ्या पाळणाघरात एका बाईचे तीन मामा वारले होते. तिसऱ्यांदा मी तिलाच विचारलं, रोवणी किती दिवसांची आहे?

हे ठरलं की लगेच कामावर जाऊ नका. सहा आठवड्यांतले शेवटचे तीन तिच्याबरोबर घालवा, पूर्ण पगारावर. पहिले दोन दिवस ती तुम्हाला बघेल. मग तुम्ही तिला बघा, मग दुसऱ्या खोलीत जा, मग दोन तास बाहेर. ताण बाळाला नसतो, तुम्हाला असतो. तो या दिवसांत उतरतो.

या तीन आठवड्यांत उन्हाळ्याची तयारी करून घ्या. मे महिन्यात पारा ४५ ला टेकेल तेव्हा बाळ रांगत असेल. पत्र्याचा कूलर असेल तर अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. पाणी भरताना आधी प्लग काढायचा, ओल्या हातानं कूलरला हात नाही, बाळ जमिनीवर असताना तर कूलरजवळ जायचंच नाही. टाकी आठवड्यातून एकदा कोरडी करायची, नाहीतर डासांची पैदास आपणच करतो. बाथरूममध्ये भरलेली बादली ठेवायची नाही, दाराला वरून कडी. पाणी साठवायची सवय असलेल्या घरांत हे शिकवायला सगळ्यात जड जातं. आणि काढून ठेवलेल्या आईच्या दुधाचं. खोलीत चार तास टिकतं असं जे सांगतात, ते २५ अंशांचं गणित आहे. आपल्याकडे मे महिन्यात कूलर लावूनही २५ कुठलं? काढलं की थेट फ्रीजमध्ये, जास्तीत जास्त चार दिवस, बाटलीवर तारीख. तिला वाचता येत नसेल तर रोज वेगळ्या रंगाचं रबर लावा. लाज न वाटता चालणारी पद्धत हवी.

कॅमेरा लावायचा तर सांगून लावा, हॉलमध्ये आणि बाळाच्या खोलीत. ती कपडे बदलते किंवा आराम करते तिथे नाही. माझं मत विचाराल तर त्याचा उपयोग तुम्हाला वाटतो त्याच्या निम्मा. बँकेच्या काउंटरवरून दर दहा मिनिटांनी बघून ‘आत्ता मोबाइल का घेतला?’ असा फोन करणाऱ्या आईला बाई लवकरच फक्त कॅमेऱ्याला दिसेल एवढंच सांगायला लागते. त्यापेक्षा संध्याकाळी आल्यावर पर्स ठेवून दहा मिनिटं तिच्याजवळ बसा. काय खाल्लं, किती झोपलं, आणि कुठे लागलं-पडलं-रडलं. तिसरा प्रश्न रोज विचारा, काही झालं नसेल त्या दिवशीही. ‘आज टेबलाचा कोपरा लागला’ असं ती म्हणाली, तर आधी ‘बरं झालं सांगितलंत’ आणि मग कोपऱ्याला फोम. सासूबाईंनाही हेच सांगा. सूचना एकाच माणसाच्या तोंडून जाऊ द्या, दोन मालकिणी झाल्या की बाई दोघींपासूनही लपवते.

काही खुणा मात्र चहापाण्यानं सोडवायच्या नाहीत: न समजणारे वळ, तिला पाहून बाळाचं आखडून जाणं, नेहमीपेक्षा जास्त आणि जड झोप. त्या दिवशीच बाळ डॉक्टरांना दाखवा आणि बाईला थांबवा. कारण नंतर शोधता येतं. मारहाणीची किंवा औषध दिल्याची शंका असेल तर पोलिसांना ११२ वर फोन.

हिंदीचं राहिलंच. यजमान म्हणतात, हिंदी बोलणाऱ्या बाईमुळे बाळाचं मराठी बिघडेल. नागपुरात? छत्तीसगढी अंगाईवर झोपत असेल तर झोपू द्या, मराठी तुमच्याकडून येईल. माझ्या पाळणाघरातली पोट्टी घरी जाऊन ‘का’ऐवजी ‘काहून’ म्हणायला लागली की आया तक्रार घेऊन यायच्या. ती पोट्टी आता पुण्यात नोकऱ्या करतात, आणि ऐकते ते असं की तिथल्या हापिसातही अर्धे लोक ‘काहून’ म्हणायला लागलेत.